पिनरची पोदेस्ता

इटलीतली नगरराज्ये एकमेकांना का गिळत गेली, हे समजून घेण्यासाठी लंडनच्या पिनर उपनगरातल्या अकरा निवृत्त मराठी माणसांनी एक अख्खे वर्ष राखून ठेवले होते. आठव्या महिन्यात त्यांना तो विषय इतका उत्तम समजला, की त्यांनी एकमेकांशी बोलणे सोडले.

दोन वर्षांपूर्वी सुरू झालेला हा अभ्यासवर्ग दर दुसऱ्या शनिवारी सकाळी अकरा वाजता, आळीपाळीने कोणा ना कोणाच्या घरी भरे. अकरापैकी आठ जण डॉक्टर होते. उरलेल्या तिघांनी डॉक्टरांशी लग्ने केली होती, त्यामुळे त्यांची मतेही तितकीच ठाम होती. दोन तास वाचन आणि अडीच तास जेवण, असा क्रम असे. वाचनाची पद्धत मात्र विशेष होती. घरून कोणी वाचून यायचे नाही. एकाने प्रकरण मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि मग वाद घालायचा. वर्ग सुरू करणाऱ्या काकूंनी हा नियम घातला, तेव्हा तो सर्वांना फार रम्य वाटला. एकाला त्यात श्रवणभक्तीची परंपरा दिसली. दुसऱ्याला स्क्रीनच्या अतिरेकावरचा उतारा सापडला.

कारण एवढे रम्य नव्हते. काकूंच्या दोन्ही डोळ्यांतल्या दृष्टीचा मध्यभाग दोन वर्षांपासून पुसट होत चालला होता. कडेचे दिसे, ज्याच्याकडे पाहावे, ते दिसत नसे. त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि आता वर्तमानपत्राचा मथळाही हाती लागत नव्हता. बोलकी पुस्तके त्यांनी ऐकून पाहिली होती. "त्यांच्याशी भांडता येत नाही," म्हणून सोडून दिली. त्यांच्या दृष्टीने पुस्तक वाचणे म्हणजे पुस्तकाशी आणि शेजाऱ्याशी एकाच वेळी हुज्जत घालणे. ते आता या वर्गात आणि फक्त या वर्गातच शक्य होते. हे वर्गातल्या कोणालाही ठाऊक नव्हते. आठ डॉक्टर दर पंधरा दिवसांनी साडेचार तास त्यांच्यासमोर बसत, दर वर्गाला त्या करून आणत ती कढी वाखाणत, आणि त्या पळी पातेल्याच्या काठाला लावून अंदाजाने वाढतात, याची नोंद एकानेही घेतली नव्हती. आपली पाळी आली की नुकतीच ऐकलेली ओळ आठवून म्हणायची आणि पान पुढच्याकडे सरकवायचे, एवढ्या भांडवलावर काकूंनी दोन वर्षे निभावली होती.

मला ठाऊक होते, कारण त्यांनी ते मला सांगितले होते. मी सोळा वर्षांची असताना आम्ही बेसिंगस्टोकला राहत असू, तेव्हा त्यांनी मला दोन आठवडे आपल्या प्रयोगशाळेत बसू दिले होते. माझ्या परिचयातल्या वडीलधाऱ्यांपैकी माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारून उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्या त्या एकट्याच. आता मी मिल्टन कीन्समध्ये बॅटऱ्यांच्या ऱ्हासाची गणिते मांडते: कोणता घटक आधी दगा देईल आणि तो दगा कोणत्या मोजमापात आधी दिसेल. सप्टेंबरमध्ये त्यांचा फोन आला, तेव्हा मला वाटले, त्या माझ्या कामाचीच चौकशी करणार.

"वर्ग फुटतोय," त्या म्हणाल्या. "व्हेनिस आणि जिनोआ."

वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाने एकेक नगरराज्य वाटून घेतले होते. अभ्यासाच्या सोयीसाठी केलेली ती वाटणी दोन महिन्यांत नागरिकत्वापर्यंत पोचली. व्हेनिस घेतले होते एका निवृत्त अस्थिशल्यविशारदांनी. नीट सांधले की काहीही टिकते, हा त्यांचा हाडांबद्दलचा विश्वास राज्यघटनांनाही लागू होता. जिनोआ घेतले होते एका भूलतज्ज्ञ मावशींनी. दोघांनी एकाच इस्पितळात, एकाच टेबलाच्या दोन टोकांना कितीतरी वर्षे एकत्र काम केले होते आणि ते एकमेकांचे अत्यंत जुने स्नेही होते, म्हणजे दोघांकडेही साठा भरपूर होता. काकूंनी लुक्का घेतले. कोणी विचारले, लुक्काने काय केले, तर त्या म्हणत, "फारसं काही नाही. भिंत चांगली बांधली आणि गप्प राहिले. फ्रेंच सैन्य येईपर्यंत टिकले."

वादाचे तात्कालिक कारण असे, की व्हेनिसकाकांनी सलग तीन शनिवार वाचन केले. प्रकरण संपत नव्हते, असा त्यांचा खुलासा होता. तिसऱ्या शनिवारी जिनोआने पिसाचे आरमार बुडवल्याचा प्रसंग त्यांनी रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखा एका दमात उरकला. पुढचा संवाद मी काकूंच्या तोंडून ऐकला आहे आणि काकूंची स्मरणशक्ती निर्दोष आहे.

"व्हेनिस एक हजार वर्षं टिकलं," काका म्हणाले. "लेट दॅट सिंक इन. एक हजार."

"फ्रीजरमध्ये मटारही टिकतात, डॉक्टर."

"आणि जिनोआनं काय केलं? दर थोड्या वर्षांनी नवा मालक बोलावला. कधी मिलान, कधी फ्रान्स. सेल्फ-रिस्पेक्ट म्हणून काही?"

"राज्य मोडकं होतं, माणसं खमकी होती. तुमच्या व्हेनिसनं काय केलं, मोजक्या घराण्यांना आत घेतलं, दार लावलं आणि त्याला स्टॅबिलिटी म्हणाले."

"माझं व्हेनिस?"

"तुमचंच. थिएटरमध्येसुद्धा हेच. पेशंट जिवंत ठेवायचा मी, आणि नातेवाइकांची फुलं तुमच्या टेबलावर."

यानंतर इटलीचा प्रश्न मागे पडला. संध्याकाळपर्यंत फोनवर दोन ग्रुप तयार झाले: 'अभ्यासवर्ग' आणि 'मूळ अभ्यासवर्ग'. महाराष्ट्रातल्या राजकारणाशी आपला संबंध तुटला आहे, अशी खंत ही मंडळी अधूनमधून व्यक्त करीत असत.

काकूंचा हिशेब सरळ होता. दोन वर्ग झाले तर दोन्ही एकाच शनिवारी, एकाच वेळी भरणार. एकात सगळेच होकार देणारे आणि दुसऱ्यातही तसेच. "मग मला वाचून कोण दाखवणार, आणि वाचलेल्याला विरोध कोण करणार? आणि हे बघ, डोळ्यांचं कोणाला सांगायचं नाही. मला पेशंट व्हायचं नाहीये."

"मी काय करू शकते?"

"पोदेस्ता हो."

नगरराज्यांची ही सर्वांत शहाणी आणि सर्वांत केविलवाणी सोय. गावातली घराणी एकमेकांचे गळे धरू लागली, की ती परगावाहून एक प्रशासक भाड्याने आणत: सहा महिन्यांसाठी किंवा वर्षासाठी. तो पोदेस्ता. त्याचे गावात नातलग असता कामा नयेत, त्याने कोणत्याही नागरिकाच्या घरी जेवता कामा नये, आणि मुदत संपल्यावर त्याने लगेच पळून न जाता थांबायचे, म्हणजे लोकांना त्याच्याविरुद्ध तक्रारी मांडता येतील. मी मिल्टन कीन्सची, पिनरमध्ये माझे कोणी नाही. काकूंशी असलेले माझे नाते जाहीर करावे का, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी त्याला बसायला जागा दिली नाही. पूर्ण सत्य सांगायचे तर माझ्यासमोर त्या आठवड्यात बढतीचा अर्जही होता आणि त्यात एक रकाना होता: ज्यांच्यावर आपला औपचारिक अधिकार नाही, अशा व्यक्तींचे नेतृत्व केल्याचे उदाहरण द्या. बॅटऱ्यांवर माझा पूर्ण औपचारिक अधिकार आहे. मला माणसे हवी होती.

मी एका पानाची नियमावली केली. मुदत तीन महिने. वाचनाचा क्रम चिठ्ठ्या टाकून, वर्गाच्या संस्थापिका वगळून. प्रत्येकाला समान मिनिटे, टायमर लावून. पोदेस्ताने कोणत्याही सभासदाच्या घरी अन्न घेऊ नये. मुदतीच्या शेवटी तक्रारींची जाहीर सुनावणी. जेवणाचे कलम मी निव्वळ ऐतिहासिक प्रामाणिकपणासाठी ठेवले होते. ज्यांनी आयुष्यभर इस्पितळाच्या कमिट्यांवर काम केले, त्यांना नियमावली दिसताच धन्य वाटले. दोन्ही ग्रुपांनी ती मंजूर केली. व्हेनिसकाकांनी एकच हरकत नोंदवली: "व्हेनिसनं असा माणूस कधी बाहेरून आणला नाही. व्हेनिसनं असे लोक इतरांना पुरवले. हे मिनिट्समध्ये लिही."

वाचनाचा प्रश्न दोन शनिवारांत सुटला. चिठ्ठी आणि टायमर यांच्याशी वाद घालता येत नाही. शिवाय सर्वांचे लक्ष आता माझ्या पोटाकडे वळले होते. मराठी घरात येऊन कोणी काही खात नाही, ही घटना तिथे पूर्वी घडलेली नव्हती आणि तिचे काय करायचे, हे कोणाला कळत नव्हते. मी पेट्रोल पंपावरून चीजचे सँडविच आणत असे आणि जेवणाची वेळ झाली की बाहेर गाडीत बसून खात असे. नोव्हेंबरच्या एका शनिवारी व्हेनिसकाका छत्री आणि बशी घेऊन गाडीपाशी आले आणि त्यांनी काच वाजवली.

"कोथिंबीर वडी आहे."

"काका, नियम."

"नियम जेवणाचा आहे. हे स्टार्टर आहे."

"तुमच्याकडची वडी खाल्ली तर मावशी काय म्हणतील?"

"तिला कशाला सांगतेस? आय वोन्ट टेल." त्यांनी बशी काचेजवळ धरली. "बरं, निदान वास घे. आमच्या हिनं सकाळपासून केल्यात."

मी वास घेतला. तो नियमावलीत नव्हता.

जिनोआचे डावपेच, अभ्यासक्रमाला साजेसे, अधिक लवचीक होते. डिसेंबरमधल्या शनिवारी वर्ग मावशींकडे होता आणि मावशींनी त्याच सकाळी सत्यनारायणाची पूजा ठेवली. कारण विचारल्यावर म्हणाल्या, नव्या बॉयलरसाठी. पूजा झाली, कथा झाली. कथेत प्रसाद टाकून उठल्यामुळे व्यापाऱ्याच्या जावयाची नौका माणसासकट नाहीशी होते. दहा-अकरा महिने आरमारांच्या नाशाचा अभ्यास केलेल्या श्रोत्यांनी या ठिकाणी माना डोलावल्या. मग मावशी वाटी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मावशी, मला घेता येणार नाही."

"हा शिरा नाही गं. प्रसाद आहे. शिरा मी नंतर विचारीन, तेव्हा नाही म्हण."

मी शास्त्राची विद्यार्थिनी आहे. पदार्थाची रासायनिक रचना मंत्रांनी बदलत नाही, हे मला ठाऊक आहे. मला हेही ठाऊक होते, की वीस डोळे माझ्याकडे पाहत आहेत आणि दोन कडेने पाहत आहेत. मी खाल्ला. साजूक तूप, केळे, केशर. पेट्रोल पंपावरचे दोन महिने माझ्या पाठीशी होते. मी वाटी पुढे केली. पहिल्यांदा घेतला तो प्रसाद होता, यावर मी आजही ठाम आहे. दुसऱ्यांदा घेतला तो मात्र शिरा होता.

कोणीतरी फोटो काढला. घरी पोचेपर्यंत तो दोन्ही ग्रुपांवर होता.

सुनावणी मुदतीप्रमाणे काकूंच्या घरी झाली. तक्रारी बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात टाकायच्या होत्या; व्हेनिसमध्ये निनावी तक्रारींसाठी भिंतीत सिंहाची तोंडे असत, आमच्या डब्यावर स्कॉटलंडचे एक हरीण होते. अध्यक्षस्थानी काकू. त्यांनी डबा उघडला, चिठ्ठ्या बोटांनी चाचपल्या आणि डबा माझ्याकडे सरकवला. "आरोपीनंच वाचावं. ते अधिक फेअर आहे." सर्वांना ही कल्पना फार मार्मिक वाटली.

मी वाचले. पोदेस्ताचा टायमर बदकासारखा ओरडतो. पोदेस्ता मराठीत निःपक्षपाती बोलते, पण चेहऱ्याने कंटाळलेली दिसते. पोदेस्ताने प्रसाद घेतला. पोदेस्ताने प्रसाद घेण्यापूर्वी आढेवेढे घेतले, हा देवाचा अपमान आहे. पोदेस्ताने जिनोआच्या वाचनातले चाळीस सेकंद कापले.

"करेक्ट आहे," व्हेनिसकाका म्हणाले. "चाळीस सेकंद कापले होते. मी घड्याळात बघत होतो."

मावशींनी त्यांच्याकडे चकित होऊन पाहिले. "तुमच्या लक्षात आलं?"

"ऑफ कोर्स. बरोबर नाही ते."

चार महिन्यांत प्रथमच ते दोघे एकमेकांशी थेट बोलत होते, आणि माझ्याविरुद्ध. भाड्याच्या प्रशासकाचा खरा उपयोग हाच असावा, असे मला वाटू लागले होते, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "मग आता भांडण तरी कशाला? जानेवारीपासून दोन वर्ग करू. शांतपणे. विथ ग्रेस."

"ॲग्रीड," काका म्हणाले. "लाइक ग्रोन-अप्स."

हात वर झाले. वर्गाच्या इतिहासातला हा पहिला एकमताचा ठराव, आणि तो फुटीचा होता. काकूंनी हात वर केला नव्हता, पण अध्यक्षांचा हात कोणी मोजत नाही. त्या खिडकीच्या दिशेने चेहरा करून बसल्या होत्या, म्हणजे त्या वेळी त्या आम्हा सर्वांना पाहत होत्या. त्यांच्या मांडीवर त्यांचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले होते. त्या काहीच बोलणार नाहीत, हे मला दिसत होते.

मला हरण्याची सवय नाही. त्या क्षणी मी काकूंचा विचार करत होते, असे म्हणायला मला आवडले असते. मी तीन महिने, एक नियमावली आणि अर्जातला तो रकाना यांचा विचार करत होते.

"काकूंना वाचता येत नाही," मी म्हणाले. "दोन वर्षं झाली. म्हणून मोठ्यानं वाचायचा नियम आहे. तुम्ही आठ जण डॉक्टर आहात."

मग व्हेनिसकाका उठले, काकूंसमोर गेले आणि त्यांनी त्यांच्या चेहऱ्यासमोर पंजा धरला, चाळीस वर्षांच्या सवयीने.

"मी दिसतोय का?"

"कडेनं दिसता," काकू म्हणाल्या. "समोरून दिसत नाही. तेवढा फायदा झाला आहे."

ठराव तिथल्या तिथे मागे घेतला गेला. वर्ग वाचला.

मी ते रकान्यात लिहिले. 'दुभंगलेल्या गटाचे पुनर्मीलन घडवले.' मला बढती मिळाली. मुलाखतीत कोणी विचारले नाही, की ते कसे घडवले.

जानेवारीत वर्ग इतका एकजीव झाला, की ऐकवेना. सगळे काकूंशी मोठ्या आवाजात आणि सुटे सुटे बोलू लागले, जणू डोळ्यांचा आजार कानांत उतरला होता. त्यांनी कढी वाढायला घेतली, की तीन हात पुढे येत. व्हेनिसकाका आपल्या आवाजात प्रकरणे रेकॉर्ड करून पाठवत. मावशी रोज सकाळी नऊला फोन करून, काही लागलंय का, विचारत. सर्वांत वाईट म्हणजे काकू काहीही बोलल्या, की सगळे त्यांना दुजोरा देत. एका शनिवारी त्यांनी म्हणून पाहिले, की फ्लोरेन्स समुद्रकाठी असते तर सगळे प्रश्न सुटले असते. "अगदी खरं," मावशी म्हणाल्या. "किती वेगळा विचार," काका म्हणाले. मी दाराशी बसले होते. पद गेले तरी मला येऊ देत असत. काकूंचा चेहरा मला कडेने दिसत होता.

फेब्रुवारीत त्या काय करणार आहेत, हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. वर्ष सरले तरी इटली सरली नव्हती आणि काका व्हेनिसचा शेवट वाचत होते: फ्रेंच सैन्य आले आणि महापरिषदेने स्वतःच्याच विसर्जनाच्या बाजूने मतदान केले. त्यांचा आवाज जड झाला होता.

"हॅ," काकू म्हणाल्या.

काका थांबले. "काय झालं, वहिनी? पुन्हा वाचू का?"

"नको. एकदा ऐकून कळतं. हजार वर्षं टिकलेलं राज्य एका सकाळी हात वर करून घरी जातं, म्हणजे ते हजार वर्षं टिकलं नव्हतं. मरून पडलं होतं आणि तुमच्यासारखे लोक प्लास्टर बदलत होते."

"असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे," काका सौम्यपणे म्हणाले.

"हक्काचं सोडा. बरोबर आहे का चूक?"

"तसं पाहिलं तर..."

"घाबरलात का? आंधळ्या बाईशी वाद घालायला?"

काकांच्या मानेवर लाली चढली. "प्लास्टर? जहाजबांधणीचा कारखाना बघा, रोजच्या रोज जहाज उतरवत होते. कायदे बघा. मागच्याच प्रकरणात आहे सगळं. यू कान्ट जस्ट... वाचता येत नाही का तुम्हाला?"

मावशींनी डोळे मिटून घेतले.

"नाही येत," काकू म्हणाल्या, आणि त्या कित्येक आठवड्यांत प्रथमच खुर्चीत मागे रेलून बसल्या. "म्हणून तुम्ही वाचा. मागचं प्रकरण, जहाजबांधणीपासून. आणि सावकाश वाचा, मला प्रत्येक वाक्याला हरकत घ्यायची आहे."

त्यांनी वाचले. तिसऱ्या वाक्याला काकूंनी हरकत घेतली, चौथ्याला मावशींनी. पाचव्यापर्यंत आवाज इतके चढले, की शेजारच्या इंग्रज बाईंनी कुंपणावरून डोकावून पाहिले. जेवण पाऊण तास उशिरा झाले आणि कढी काकूंनी एकटीने वाढली.

निघताना मी कोट चढवला आणि काकूंजवळ गेले. त्या दिवशी त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्याआधीच्या शनिवारीही नाही.

"काकू, मी सोडते तुम्हाला घरी."

"नको," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता; अनोळखी माणसाने बसमध्ये जागा देऊ केली तर जसा असावा, तसा होता. "आज व्हेनिस सोडतंय मला."

"का?" मागून मावशी म्हणाल्या. "जिनोआकडे गाडी नाही?"

"तुमच्या गाडीत हीटर चालत नाही."

"दोनदा दुरुस्त केला. आणि तुम्ही राउंडअबाउटवर कोणत्या लेनमध्ये जाता ते सगळ्या पिनरला माहीत आहे, डॉक्टर."

दोघांनी त्यांचे दोन हात धरले होते आणि त्या तिथेच, दारातल्या पायरीवर, दोघांपैकी कोणाचाच हात न सोडवता उभ्या होत्या. मी गाडीची किल्ली पुन्हा खिशात ठेवली.